पहाटेचा एक तास: लेकुरवाळ्या आईकडून हे वचन घ्यावं का?

रात्रपाळीची आई

जय ख्रिस्त. गेल्या महिन्यात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिला सभा झाली. विषय मार्था आणि मरीया, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय: प्रभू घरी आला तेव्हा मार्था वाढण्या-रांधण्यात गुंतली, बहीण मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली, आणि मार्थानं तक्रार केल्यावर प्रभूनं मरीयेची बाजू घेतली. बोलणाऱ्या ताई मनापासून बोलल्या. शेवटी त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि वचन घेतलं: रोज पहाटे साडेचारला उठायचं, एक तास प्रार्थना आणि शास्त्रवाचन. मीही उभी राहिले. आठ महिन्यांची धाकटी खांद्यावर झोपली होती.

मी पुण्यात नर्स आहे. महिन्याला आठ-दहा रात्रपाळ्या. मोठा दुसरीत आहे, नवऱ्याची नोकरी फिरतीची, रात्री बाळाला सासूबाई बघतात. दिवसपाळीच्या आठवड्यात तीन दिवस उठले. चौथ्या दिवशी दूध गॅसवर ठेवून बायबल उघडलं आणि टेबलावरच डोकं टेकलं. दूध उतू जाऊन जळल्याच्या वासानं जाग आली. त्याच दिवशी वॉर्डात एका पेशंटच्या इंजेक्शनची वेळ माझ्याकडून चुकणार होती. मैत्रिणीनं वेळेत हटकलं म्हणून निभावलं. घरी येताना रिक्षात रडले.

माझं मत असं, की जिला सलग चार तास झोप नाही तिच्याकडून असं वचन घेऊ नये. मार्थाला प्रभूनं टोकलं ते तिच्या काळजीबद्दल आणि दगदगीबद्दल. ती रांधत होती म्हणून नाही. योहान 12 काढून बघा. बेथानीत पुन्हा जेवण आहे, मार्था पुन्हा वाढतेय आणि तिला कोणीही काही म्हणत नाही. त्याच्या आधीच्या अध्यायात, योहान 11 मध्ये, भाऊ मेलेला असताना 'तू ख्रिस्त आहेस' अशी कबुली देणारीही तीच. आपल्या सभांमध्ये मार्था लूक 10 मध्येच अडकून पडते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझ्या ओट्यामागच्या टाइलवर स्तोत्र 121 हातानं लिहून चिकटवलंय. फोडण्यांच्या तेलानं कागद आरपार दिसायला लागलाय, 'साहाय्य कोठून येईल' एवढं अजून स्वच्छ वाचता येतं. पोळ्या लाटताना मी तेच म्हणते. ही प्रार्थना कमी दर्जाची आहे असं मला नाही वाटत. तुम्हाला काय वाटतं?

नगरची मावशी

पोरी, तुझं वाचून जीव तुटला. तरी मी तुझ्या बाजूची नाही, स्पष्टच सांगते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत सत्तावीस वर्षं शिकवलं, तीन लेकरं वाढवली. नळाला पाणी पहाटे चारला यायचं. हंडे भरून झाले की मागच्या दाराशी पाट टाकून बसायची, कंदील बारीक करून, वीस-पंचवीस मिनिटं. ओट्यावरची प्रार्थना मीही केली, जन्मभर केली. पण पाटावर बसणं सुटलं त्या वर्षी माझ्या प्रार्थनेचं काय झालं ते सांगते. नुसत्या मागण्या उरल्या. फी, ताप, बदली, सासऱ्यांचं मोतीबिंदू. बोलणारी मी एकटीच. मरीयेनं काय केलं? ती ऐकत बसली. हात पिठात असताना मागता येतं, ऐकणं फार अवघड.

प्रभूला दगदग नव्हती असंही नाही. मार्क 1 मध्ये सूर्य मावळल्यावर अख्खं गाव दाराशी लोटलंय, आणि दुसऱ्या दिवशी तो अंधारातच उठून एकांतात गेलाय. आणि इंग्लंडातल्या एपवर्थच्या सुसाना वेस्ली बघ, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची आई. एकोणीस लेकरं झाली, दहा जगली, घरात कायम कर्ज. तरी लेकरांना तिनं वार नेमून दिले होते, त्या संध्याकाळी एकेकाशी एकटीनं बोलायची. जॉनचा गुरुवार. मोठेपणी तो त्या गुरुवारांची आठवण काढायचा. वेळ नेमला म्हणून मिळाला.

दोन मुलींचा बाबा

दोघींनाही नमस्कार. मावशी, मला हा प्रश्नच चुकीच्या दारात आलाय असं वाटतं. हे वचन महिला सभेतच का घेतलं जातं?

केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी 289 मिनिटं आहे, घरकाम करणाऱ्या पुरुषांची 88. यात रोज घरकाम करणारे पुरुषच मुळात थोडे. म्हणजे दिवसाला तीन तासांहून जास्त फरक. आईला पहाटेचा तास हवा असेल तर तो तिच्या झोपेतून कशाला काढायचा?

योहान 21 मध्ये पुनरुत्थित प्रभू किनाऱ्यावर कोळसे पेटवून मासळी भाजतोय, भाकर तयार ठेवतोय आणि रात्रभर मासेमारीत राबलेल्या शिष्यांना म्हणतोय, या, न्याहारी करा. या उताऱ्यावर मी कितीतरी संदेश ऐकले. सगळे त्यातल्या पेत्र या शिष्यावर होते, चुलीवर एकही नव्हता. गेली दोन वर्षं सकाळचे डबे मी करतो. सुरुवातीला पोळ्या वातड व्हायच्या, मुली डबा तसाच परत आणायच्या. आता होतात. त्या वेळात बायको आतल्या खोलीत दार लावून बसते.

वसईची थोरली सून

भाऊ, तुमचं कौतुक आहे, पण तुमचा उपाय माझ्या घरात चालत नाही. माझा नवरा जहाजावर असतो, सहा-सात महिने तोंड दिसत नाही. अशा घरांनी काय करायचं?

आम्ही कॅथलिक. आमच्याकडे संध्याकाळी आठला टीव्ही बंद होतो आणि सगळे जपमाळेला बसतात. सासूबाई सुरुवात करतात, मुलं आळीपाळीनं 'नमो मरिया' म्हणतात. धाकटा मणी तोंडात घालतो, मधलीला तिसऱ्या रहस्यापर्यंत, म्हणजे जपमाळेच्या तिसऱ्या भागापर्यंत, झोप येते. पण प्रार्थना एकट्या आईच्या अंगावर पडत नाही. तुमच्या सगळ्या बोलण्यात आई एकटी उठते, एकटी बसते, एकटीच दमते. ते मला पटत नाही.

आणि रात्रपाळीच्या ताई, ओट्याबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे. स्पेनमधल्या अव्हिलाची संत तेरेझा आपल्या मठातल्या भगिनींना सांगायची, आज्ञापालन स्वयंपाकघरात नेत असेल तर प्रभू तिथं भांड्याकुंड्यांतही आहे. ती काही प्रार्थनेत कमी पडणारी बाई नव्हती.

अजून एक. वेळ कुठं जातो ते बघताना मंडळीची कामंही मोजा. मी गायनवृंद, रविवारचा मुलांचा वर्ग आणि नाताळच्या महिन्यात घरोघरचं कॅरल, तिन्ही धरून होते. मागच्या वर्षी दोन सोडली. फादरांना सांगताना आवाज कापत होता. निर्गम 18 मध्ये इथ्रो जावयाला, मोशेला, हेच सांगतो: तू एकट्यानं थकून जाशील, माणसं नेम.

स्पष्टच बोलतो, सोलापूर

वेळ नाही म्हणणाऱ्या सगळ्यांनी आधी मोबाइलचा स्क्रीन टाइम उघडून बघावा, मग बोलावं. पंडिता रमाबाईंनी केडगावला हजारो निराधार मुली-बायकांचं मुक्ती मिशन सांभाळलं आणि त्याच हातांनी संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर केलं. त्यांच्या दिवसालाही 24 तासच होते. निमित्तं सांगणं सोपं असतं.

रात्रपाळीची आई

सोलापूरचे दादा, बघितला. कालचा दोन तास दहा मिनिटं. त्यातली चाळीस मिनिटं बाळाला रात्री पाजताना, डोळे उघडे राहावेत म्हणून. उरलेला दीड तास ड्यूटीवरून आल्यावर, झोप यायच्या आधी. त्यातलं बरंचसं मला टाळता आलं असतं. हे मान्य करते, कारण तुम्ही म्हणालात ते मला लागलं.

पण रमाबाईंचं अर्धंच सांगितलंत. त्या भाषांतराची खिळेजुळणी आणि छपाई मुक्तीतल्याच बायकांनी केली. भोवती हात होते. माझ्या भोवती रात्री दोन वाजता कोण असतं?

मावशी, ऐकण्याचं तुम्ही लिहिलंत ते वाचून कालपासून गप्प आहे. खरं आहे, माझीही यादीच झालीय. पण मार्क 1 सोबत मार्क 6 पण वाचा ना. शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, तेव्हा प्रभूनंच म्हटलं, चला, थोडा विसावा घ्या. आणि जुन्या करारातला संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत झोपला तेव्हा देवदूतानं त्याला उठवून आधी खायला दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलला ते त्याच्या नंतर.

नगरची मावशी

एलीयाचं मान्य. निजलेल्याला निजू द्यावं. साडेचारचा आग्रह मी सोडते. पण नेमलेल्या वेळेचा आग्रह मला सोडवत नाही, मग ती दुपारी बारा मिनिटांची का असेना. रात्रपाळीहून आल्यावर, मोबाइल उचलायच्या आधी. एवढं बघ.

आणि वसईच्या सूनबाई एकटेपणाचं म्हणाल्या ते माझ्यावरच येतंय. तीताच्या पत्रात वडील स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवावं असं आहे. आम्ही सांगायचं तेवढं उचललं. माझ्या पाटावरच्या त्या वीस मिनिटांत तान्हं कोणाकडे असायचं, हे मी वर लिहिलंच नाही. शेजारची बाई घ्यायची. मुसलमान होती, तिची नमाज झाली की दार वाजवायची आणि बाळाला घेऊन जायची. चार वर्षं. तिच्याशिवाय माझा पाट झाला नसता.

तुझ्या मंडळीत माझ्या वयाच्या, रिकाम्या घरात बसलेल्या बायका असतीलच. आठवड्यातून दोन दुपारी बाळाला तासभर घ्या म्हणून त्यांना सांग. लाजू नकोस.

रात्रपाळीची आई

मावशी, वचन घेणाऱ्या ताईंनाच आज फोन केला. भीत भीत सगळं सांगितलं, दुधाचं आणि इंजेक्शनचंही. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग विचारलं, बाळ दुपारी किती वाजता झोपतं. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या येणार आहेत. रात्रपाळीनंतर त्या दिवशी आधी बारा मिनिटं बसेन, मग झोपेन.