थेलीसला ॲरिस्टॉटलच्या चार कारणांत किती दिवस कोंबायचं?

पारावरचा: परवा इथेच एकाने लिहिलं, "सॉक्रेटिसपूर्व मंडळी (थेलीससारखे सॉक्रेटिसच्या आधीचे ग्रीक विचारवंत) चाचपडत होती, ॲरिस्टॉटलने त्यांना अर्थ दिला." वाचून राहवलं नाही. ॲरिस्टॉटलच्या 'मेटाफिजिक्स'चा पहिला भाग उघडा. स्वतःची चार कारणं आधीच ठरलेली: वस्तू कशाची बनली, तिचं रूप काय, ती कुणामुळे झाली, कशासाठी झाली. मग एकेकाला उभं करून विचारायचं, तुला यातली किती सापडली? थेलीस म्हणतो सगळ्याचं मूळ पाणी, म्हणजे फक्त उपादान कारण, 'कशाची बनली' एवढंच. बस खाली! एम्पिडोक्लीस हा तसाच जुना विचारवंत, त्याचे तर म्हणे बोबडे बोल. हा इतिहास नव्हे, तोंडी परीक्षा आहे. चेर्निस या अभ्यासकाने १९३५ सालीच हे सविस्तर दाखवलंय.

जुनं खोड: थेलीसने लिहिलेली एक ओळ तरी उरलीय का? मग तो कळला कुणामुळे? अन्न ओलसर, बीजं ओलसर, यावरून त्याला 'कदाचित' तसं वाटलं असावं, एवढंच ॲरिस्टॉटल म्हणतो. अंदाज आहे तो अंदाज म्हणूनच सांगतो. उलट प्लेटो बघा, एकाही संवादात अणुवादी डेमोक्रिटसचं नाव नाही.

तिरपी रेघ: बरं झालं विषय निघाला. आमच्या एमएला प्लेटोला अख्खं सत्र आणि डेमोक्रिटस अर्ध्या तासात उरकला. मी पेपरात अणुवादावर चार पानं लिहिली तर शेरा काय, 'अनावश्यक'! अजून राग येतो. प्लेटोला डेमोक्रिटसची पुस्तकं जाळायची होती, असं तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणाऱ्या डायोजिनीस लेअर्शियसने लिहून ठेवलंय.

जुनं खोड: पाचशेहून जास्त वर्षांनी, आणि तेही ॲरिस्टॉटलचा शिष्य ॲरिस्टॉक्सेनस याच्या हवाल्याने. पुढचं का गाळलंत? दोन पायथागोरसपंथीयांनी त्याला अडवलं, कारण पुस्तकं आधीच लोकांच्या हाती गेली होती.

तिरपी रेघ: अडवावं लागलं म्हणजे इच्छा होतीच ना! ऐकीव असेल, पण नाव गाळलंय ते तर डोळ्यांना दिसतंय.

पारावरचा: अहो, प्लेटोसाठी वेगळा धागा काढा. मुद्दा ॲरिस्टॉटलचा आहे. एकच गोष्ट आहेही आणि नाहीही, असं हेराक्लिटस (हाही सॉक्रेटिसपूर्व) मानतो, असं ॲरिस्टॉटल सांगतो. हेराक्लिटस काय म्हणतो? समुद्राचं पाणी सगळ्यात शुद्ध आणि सगळ्यात घाण. माशांना जीवन, माणसांना घातक. कुणाला काय, हे त्यानेच सांगितलंय. विसंगती कुठे आहे?

जुनं खोड: हेराक्लिटसपुरतं मान्य, मनाविरुद्ध. तरी 'असं काही जण म्हणतात' ही पुस्ती ॲरिस्टॉटलने तिथे जोडलीय, ती तुम्ही गाळलीत. आणि हा समुद्राचा तुकडा कुणी जपला? हिपोलिटस या ख्रिस्ती लेखकाने, पाखंड खोडण्यासाठी. खोडणारे नसते तर तुमच्या हातात आज काय असतं? आणि टीका काय एकट्या ॲरिस्टॉटलने केली? हेराक्लिटसनेही हेसिअड, पायथागोरस, झेनोफनीस, कुणाला सोडलं नाही.

तिरपी रेघ: डेमोक्रिटसची बहुतेक नीतिवचनंच उरली. निसर्गावरची पुस्तकं गेली ती गेलीच. ती कुणी जपली?

जुनं खोड: पुस्तकं नाही जपली. पण ॲरिस्टॉटलने डेमोक्रिटसवर स्वतंत्र लिहिलं होतं, त्यातला अणूंबद्दलचा उतारा ॲरिस्टॉटलचा भाष्यकार सिंप्लिशियस याने सहाव्या शतकात दिलाय. आधी तो वाचा, मग बोलू.