घाटात कपॅसिटर पुरणार नाही

इलेक्ट्रिक गाडी चढावर असताना बॅटरीचं व्होल्टेज बसतं (खाली येतं), म्हणून बॅटरीला समांतर अल्ट्राकपॅसिटर (थोडीच ऊर्जा साठवून ती झटकन देणारा घटक) जोडायची कल्पना कुणीतरी मांडली आहे. जरा हिशेब मांडू. २.७ व्होल्ट, ३००० फॅरड (साठवणक्षमतेचं माप) अशा एका कपॅसिटर सेलमध्ये जेमतेम ३ वॉट-अवर (ऊर्जेचं माप) मावतात, वजन अर्धा किलो. ४८ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्जिंगला ५८ पर्यंत जाते, म्हणजे सिरीजमध्ये २२ सेल हवेत. ११ किलो लादून मिळाले ६६ वॉट-अवर! तेही थेट समांतर जोडल्यास बरेचसे आतच अडकतात, कारण कपॅसिटरचं व्होल्टेज अर्ध्यावर आलं तरच पाऊण ऊर्जा बाहेर पडते, आणि समांतर जोडल्यावर ते बॅटरीच्या व्होल्टेजखाली उतरत नाही. सिग्नलवरून उचल घ्यायला ठीक, घाटाला नाही. जोडलंच, तर आधी कपॅसिटर रेझिस्टरमधून (करंटला आवर घालणाऱ्या घटकातून) चार्ज करा. नाहीतर ठिणगीने कनेक्टर जळेल. लिथियमवाल्यांनी तर या फंदात पडूच नये.