मदत हवी आहे: उजनीच्या फुगवट्यातल्या बोटीवर गार-गरम पाण्याची लाइन

मंडळी, मुक्काम सोलापूर. मामेभाऊ करमाळ्याकडे, उजनीच्या फुगवट्याच्या काठाला राहतो. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी दोन खोल्यांची मुक्कामाची बोट बांधून घेतोय. सांगाडा अक्कलकोट रोड एमआयडीसीत वेल्डिंगला आहे. परवानग्यांचं तो बघतोय, तो विषय इथे नको. पाण्याची लाइन माझ्या गळ्यात पडलीय, कारण घरातला हौशी प्लंबर मी. (नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात घरटी एक असतोच.)

गार पाण्याचं ठरलंय. 300 लिटरची टाकी तळाशी, मधोमध. छतावर ठेवली तर पंप लागणार नाही हे खरं, पण 300 किलो वजन डोक्यावर घेऊन बोट डुलायला नको. टाकीत आडवे पत्रे टाकून कप्पे पाडलेत, नाहीतर बोट जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं. पुढे गाळणी, 12 व्होल्टचा डायफ्राम पंप आणि छोटा प्रेशर टँक. नळ सोडला की दाब उतरून पंप सुरू, बंद केला की 40 पीएसआयच्या आसपास कट. प्रेशर टँक टाळू नका असं सगळे सांगतात. तो नसेल तर दात घासण्यापुरती धार सोडली तरी पंप टकटक करत राहतो आणि पलीकडच्या खोलीतला पाहुणा उठून बसतो.

अडलंय गरम पाण्यावर. मामी म्हणते काठावर बंब पेटवा आणि बादल्या चढवा. सगळ्यांत बिनधोक सूचना तीच आहे म्हणा.

दुकानदाराने गॅस गीझर सुचवला. मला तो अजिबात नको. एलपीजी हवेपेक्षा जड. घरात गळला तर दाराखालून निघून तरी जाईल, बोटीत तो तळात साचणार आणि तिथेच बॅटऱ्या, तिथेच पंपाचा स्विच. वर बंद बाथरूममधला कार्बन मोनॉक्साइड. भाऊ म्हणतो, "खिडकी ठेवू की." जानेवारीच्या पहाटे आंघोळीला खिडकी कोण उघडी ठेवतं?

विजेचा 1500 वॉटचा गीझर 12 व्होल्टवर 125 अँपिअर ओढतो, इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारं वेगळंच. 40 लिटर पाणी 20 अंशांवरून 50 वर न्यायला जवळजवळ तास. बॅटऱ्यांचंच ओझं होईल.

उरला कॅलोरिफायर. इन्सुलेशन केलेली बंद टाकी, आत कॉइल, कॉइलमधून इंजिनचा गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) फिरतो. इंजिन डिझेल आहे आणि कूलंटचं सर्किट बंद आहे, त्यामुळे जमायला हवं. संध्याकाळच्या फेरीत तापलेलं पाणी सकाळी पुरावं हा हिशेब.

आता प्रश्न. गरम पाणी गार लाइनीत परत शिरू नये म्हणून कॅलोरिफायरच्या आधी एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) टाकतोय. पण मग तापून फुगलेलं पाणी जाणार कुठे? 40 लिटरला अर्ध्या लिटरच्या वर वाढ होते. दाब वाढला की आपोआप उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह ठिबकला तर चालतं का? आणि पाइप कडक सीपीव्हीसी की लवचीक पेक्स?

डिझेलवाला (रत्नागिरी)
दादा, रिलीफ व्हॉल्व्ह हा शेवटचा पहारेकरी, त्याला रोज कामाला लावू नका. एनआरव्ही आणि कॅलोरिफायरच्या मधे छोटा एक्सपान्शन टँक बसवा, फुगलेलं पाणी त्यात मावतं. व्हॉल्व्हची लिव्हर अधूनमधून उचलून बघा, क्षार बसला की तो चिकटतो. कूलंट 80 अंशांच्या वर जातो, पाणीही तितकंच तापू शकतं. टाकीच्या तोंडाशीच थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरमात गार मिसळून तापमान धरणारा) हवा, नाहीतर पाहुणा भाजलाच. कॅलोरिफायर इंजिनच्या कूलंट टाकीपेक्षा खाली ठेवा, नाहीतर कॉइलमध्ये हवा अडकते आणि पाणी तापतच नाही. पाइप पेक्सच. सीपीव्हीसीचे चिकटवलेले जोड इंजिनच्या थरथरीने तडकतात.

भीमाकाठ
ते सगळं खरं, पण आंघोळीचं पाणी सोडणार कुठं वो? तेच पाणी सोलापुरात आम्ही पितोय.

धागाकर्ता
@भीमाकाठ, सांडपाण्याची वेगळी टाकी आहे, पिण्याच्या टाकीपेक्षा मोठी. काठावर आणून उपसणार.

@डिझेलवाला, एक्सपान्शन टँकचं पटलं, नकाशात घेतला. भरायला बोअरचं पाणी घ्यायचा विचार होता, पण आमच्याकडे बोअरवरच्या गीझरची कॉइल पांढरीफटक होते, तेव्हा फिल्टरचं गोडं पाणी टँकरने आणू. बोट पावसाळाभर उभी राहणार, मग टाकीचं काय?

डिझेलवाला (रत्नागिरी)
सगळं रिकामं करा, कॅलोरिफायरसुद्धा, त्याचा ड्रेन कॉक तळाशी आणि हात पोचेल असा ठेवा. हंगामाआधी टाकी भरून 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिटरला 1 मिली घाला, म्हणजे तुम्हाला 300 मिली. प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडा, काही तास तसंच राहू द्या, मग दोनदा धुवा. ते पाणी धरणात नको.

धागाकर्ता
नोंद केली. मिक्सिंग व्हॉल्व्ह सोलापुरात कुणी बसवलाय का? सोलरवाल्यांकडे मिळेल की पुण्याहून मागवू?