स्टार प्लेअरलाच कॅप्टन करावं का? टीम पेटते का दबते?

पेठेतला_विंगर
मंडळी, जरा सल्ला पायजे. आमची कोल्हापुरातली टीम आहे, नाव सांगत नाही, नाहीतर उद्या तालमीत माझीच हजेरी घेतील. सीझन सुरू व्हायच्या आधी नवीन कॅप्टन ठरवायचाय. आमचा स्ट्रायकर म्हणजे जिद्दीचा गडी, प्रॅक्टिसला सगळ्यात आधी येणार आणि सगळ्यात शेवटी जाणार, दोन गोलनी मागं पडलो तरी मान खाली घालत नाही, त्यामुळं कोच आणि तालमीतली जुनी मंडळी म्हणतात त्यालाच कॅप्टनचा बँड द्या. पण गड्याची जीभ लई तिखट. पास चुकला की भर मैदानात आईबहीण काढतो आणि शाहू स्टेडियमवर पब्लिकला सगळं ऐकू जातंय. आमची १८-१९ वर्षांची दोन पोरं आता बॉल पायात आला की वर न बघता त्यालाच देऊन मोकळी होतात, स्वतः शॉट मारायचं नावच नाही. परवा एकानं मँचेस्टर युनायटेडचा जुना कॅप्टन रॉय कीनचं उदाहरण दिलं, म्हणे कॅप्टन असाच पायजे. म्हणून विचारतोय, असा पेटलेला स्टार खरंच टीम पेटवतो, का आपल्याला फक्त जिंकलेल्या मॅचच आठवतात?

लालभडक
ऑफिसात बसलोय पण कीनचं नाव काढलंस, आता लिहिणं आलं. एप्रिल १९९९, ट्युरिन, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलचा दुसरा लेग (दोन मॅचपैकी दुसरी), युनायटेड विरुद्ध युव्हेंटस. पहिला लेग ओल्ड ट्रॅफर्डला १-१ झालेला आणि इथे युव्हेंटसच्या इंझागीने ११ मिनिटांत दोन घातले, म्हणजे विषय संपला असंच सगळ्यांना वाटलं. मग बेकहॅमचा कॉर्नर, कीनचं हेडर, २-१. आता तो गोल परत बघ. नाचणं नाही, मिठ्या नाहीत, पठ्ठ्या वळतो आणि सरळ आपल्या हाफकडे पळायला लागतो, जणू उशीर झालाय. पुढे दहाएक मिनिटांत झिदानला पाडल्याबद्दल यलो कार्ड मिळालं, आधीची कार्डं धरून त्याचा अर्थ युनायटेड फायनलला गेली तरी हा खेळणार नाही. त्याला ते पक्कं माहीत होतं. त्यानंतर तो अजूनच जास्त खेळला राव! यॉर्कने लगेच बरोबरी केली, शेवटी कोलने तिसरा मारला, ३-२. फायनल जिंकून बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊला कप उचलला तेव्हा कीन आणि स्कोल्स दोघंही सस्पेंड.

पण तुमच्या त्या माणसाला सांग, हाच कीन २००२ ला वर्ल्ड कपच्या तोंडावर सायपान बेटावर मॅनेजरशी भांडून आयर्लंडचा कॅम्प सोडून गेला, आणि आयर्लंड त्याच्याशिवाय प्री-क्वार्टरपर्यंत पोचली. २००५ ला क्लबच्याच चॅनेलवर टीममेट्सना झोडपलं, तो कार्यक्रम दाखवलाच नाही आणि थोड्याच दिवसांत हा क्लबबाहेर. ट्युरिनमधे पोरं त्याच्या शिव्यांनी पेटली असं मला तरी वाटत नाही. स्वतःची फायनल गेलेला माणूस असा धावतोय म्हटल्यावर बाकीच्यांना दम लागला म्हणायची सोयच राहिली नाही.

टॅक्टिकल_तात्या
हे पेटवणं-बिटवणं मला जरा फिल्मी वाटतं. आता कुणीतरी इस्तंबूल २००५, म्हणजे लिव्हरपूल-मिलान चॅम्पियन्स लीग फायनल आणणारच, म्हणून मीच आणतो. मिलान हाफटाइमला ३-० पुढे, ५४ व्या मिनिटाला लिव्हरपूलचा कॅप्टन जेरार्डचं हेडर, मग स्मित्सर, मग अलोन्सो, सहा मिनिटांत ३-३. सगळे म्हणतात कॅप्टनने हात वर करून पब्लिकला उठवलं आणि टीम उठली. अरे पण हाफटाइमला कोच बेनितेझने बचाव सांभाळणारा मिडफिल्डर हमान आत आणला, मागे तीन जण केले आणि जेरार्डला पुढे जायला मोकळीक दिली, ते कोण सांगणार? हमान नसता तर मिलानच्या काकाने आणखी दोन घातले असते.

एक मात्र मान्य. पुढे मिलानचा सर्जिन्यो डावीकडून भयंकर पळायला लागला तेव्हा हाच जेरार्ड राइट बॅकला (उजवीकडच्या बचावाला) गेला आणि पायात गोळे येईपर्यंत त्याच्या मागे धावला. तुमच्या स्ट्रायकरला एक मॅच राइट बॅक खेळायला सांगून बघा, काय तोंड करतो त्यावर बँडचं ठरवा :)

मृण्मयी_के
मला इथे कीनपेक्षा रोनाल्डो जास्त लागू वाटतो. (तात्या, डोळे फिरवू नका.) २०१६ च्या युरोत पोर्तुगालची पोलंडविरुद्ध क्वार्टर फायनल, १-१, पेनल्टी शूटआउट. त्याचा टीममेट मोटिन्यो पेनल्टी घ्यायला तयार नव्हता, कारण २०१२ च्या सेमीफायनलला स्पेनविरुद्ध याचीच पेनल्टी गोलकीपर कसियासने अडवली होती आणि पोर्तुगाल बाहेर गेलं होतं. रोनाल्डो त्याला ओढून म्हणतो, चल ये, तू छान मारतोस, हरलो तर गेलं तेल लावत. हे कॅमेऱ्यात आलंय, शब्द मूळचे याहून तिखट आहेत :D. मग पहिली पेनल्टी स्वतः रोनाल्डोने मारली, दुसरी १८ वर्षांच्या रेनाटो सांचेसने, तिसरी मोटिन्योने. तिन्ही आत. नंतर आपला गोलकीपर पात्रिसियोने पोलंडची एक अडवली, क्वारेझ्माने शेवटची घातली आणि सेमीफायनल.

आणि हा रोनाल्डो म्हणजे काही संत नाही हां, पास आला नाही की मैदानात हात झाडत उभा राहणारा माणूस. पण त्या क्षणी त्याने समोरच्याची भीती बरोबर ओळखली. फायनलला तर तो २५ व्या मिनिटाला रडत बाहेर गेला, गुडघ्याला पट्टी, आणि एक्स्ट्रा टाइमला कोच सांतोसच्या शेजारी उभा राहून कोच असल्यासारखा ओरडत होता. गोल एडेरने मारला, तोही बेंचवरून आलेला. विंगरभाऊ, तुमची पोरं घाबरून बॉल देऊन टाकतात असं तुम्ही लिहिलंय ना, मला खरा प्रॉब्लेम तिथे दिसतो. बँड कुणालाही द्या, पण ती दोन पोरं शॉट मारायला लागली पाहिजेत.

अंधेरीकर
थोडं अवांतर. कॅप्टनने नुसती टीम नाही, गाव पण उठवल्याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. जून २०१८, अंधेरीचं स्टेडियम, भारत चायनीज तैपेईला ५-० हरवतो, कॅप्टन सुनील छेत्रीची हॅट्ट्रिक आणि बघायला अडीच हजार माणसं. दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ टाकला, शिव्या घाला, टीका करा पण स्टेडियममधे येऊन करा. दोन दिवसांनी केनियाविरुद्ध त्याची शंभरावी मॅच, तिकिटं संपली, धो धो पाऊस आणि पब्लिक हलायला तयार नाही. ३-० जिंकलो, त्यात दोन त्याचे. आवाज न चढवता पण होतं हो हे.

पेठेतला_विंगर
सगळ्यांना धन्यवाद. तात्या, राइट बॅकची आयडिया कोचना सांगितली तर ते हसायलाच लागले, म्हणाले प्रॅक्टिस मॅचमधे ठेवूया म्हणे. बँडचं अजून घोडं अडलंय, मी आमच्या सेंटर बॅकचं नाव सुचवलंय पण जुन्या मंडळींना पटंना.

मृण्मयी, तो मोटिन्योचा व्हिडिओ मी आज स्ट्रायकरला दाखवला. दोनदा बघितला त्यानं आणि मला विचारतोय, "व्हय, पण त्यानं परत चुकवली असती तर?"

मृण्मयी_के
तर पुढचा नंबर नानीचा होता. आणि रोनाल्डो आधीच बोलून बसला होता, मग मोटिन्योला कुठल्या तोंडाने शिव्या घालणार? सांगा त्याला.