मदत हवी आहे: १७ नंबर की एनआयओएस? मुलीला पशुवैद्यकीयला जायचंय

बाणगंगाकाठ (सोमवार, रात्री ९.५०)
मुलगी घरीच शिकते. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय, दुसरं काही नको म्हणते. १७ नंबरचा फॉर्म (राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून देण्याचा) भरू की एनआयओएसला (केंद्राच्या मुक्त विद्यालयाला) नाव घालू? एक जण म्हणतो एनआयओएसमधनं ‘नीट’ (डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा) देता येत नाही, दुसरा म्हणतो देता येते. फॉर्मची मुदत संपत आलीय असं कळलं. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. ‘वेबसाइट बघा’ कृपया म्हणू नका, चार दिवस तेच करतोय. उद्यापर्यंत ठरवायचंय.

सुमेधा_नाशिक
एनआयओएस. दुसरा विचारच करू नका. माझा मुलगा आठवीनंतर घरी शिकला. दहावी आणि बारावी दोन्ही एनआयओएसमधून केली, आता पुण्यात मानसशास्त्र शिकतोय. पाच विषय घ्यायचे, त्यात भाषा एक असली तरी चालते. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं टिकते, त्यामुळे दोन विषय आत्ता, तीन नंतर असंही करता येतं. घरी शिकणाऱ्या मुलाला याहून मोकळी वाट नाही.
आणि नीटचं म्हणाल तर तो अडसर गेला. मुक्त विद्यालयाच्या मुलांवरची बंदी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो प्रश्न मिटला. तुमच्या ओळखीच्यांना जुनी माहिती आहे.

लेखनिक_२२
१७ नंबर दहावीचा की बारावीचा? दोन्हींचा असतो. तुम्ही कशाबद्दल विचारताय?

बाणगंगाकाठ
बारावी. नीट बारावीवरच असते ना.

लेखनिक_२२
मग दहावी कधी झाली? कुठल्या मंडळाची?

बाणगंगाकाठ
दहावी दिलेली नाही. दोन्ही या वर्षात उरकायचा विचार आहे. फेब्रुवारीत दहावी, ऑक्टोबरात बारावी. तसं करून देतो म्हणणारा एक क्लासवाला भेटलाय.

लेखनिक_२२
साहेब, थांबा. त्या क्लासला एक रुपयाही देऊ नका. दहावी पास झाल्यावर दोन वर्षांचं अंतर ठेवल्याशिवाय बारावीचं प्रमाणपत्र मिळत नाही. राज्य मंडळात नाही, एनआयओएसमध्येही नाही. मी एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयात एकोणीस वर्षं आहे, दरवर्षी १७ नंबरचे अर्ज हातावेगळे करतो. तुमचा प्रश्न १७ नंबर की एनआयओएस हा नाहीच. दहावी ताबडतोब कशी द्यायची, हा आहे. आता हे सांगा: वय किती, शाळा कितवीत सोडली, दाखला हातात आहे का?

गुरुजी_वाई
मी तेहतीस वर्षं शिकवलं. राग मानू नका, पण सोळा-सतरा वर्षांची मुलगी दहावीला बसलेली नाही हे वाचून जिवाला लागलं. पालकांच्या हौसेची किंमत मूल मोजतं. शाळेत केवळ पुस्तक नसतं. बरोबरीची मुलं असतात, वाद असतात, हरणं असतं. आजही तिला जवळच्या शाळेत घाला.

सुमेधा_नाशिक
गुरुजी, आदर राखून सांगते, प्रश्न परीक्षेचा आहे. घरी शिकवणं बरोबर की चूक हे त्यांनी विचारलेलं नाही. आणि बरोबरीची मुलं शाळेबाहेरही असतात. माझ्या मुलाच्या नाट्यशिबिरात, ट्रेकच्या गटात सगळ्या वयाची माणसं होती.

गुरुजी_वाई
नाशकात नाट्यशिबिर मिळतं, ताई. वस्तीवर राहणाऱ्या पोरीला काय मिळतं?

बाणगंगाकाठ
गुरुजी, हौस नव्हती. चौथीच्या शेवटाला लॉकडाऊन लागला. पाचवीचं वर्ष एका मोबाईलवर गेलं, तोही माझ्याबरोबर शेतात असायचा. सहावीला नाव होतं, पण शाळा सुरू झाली तेव्हा वडील अंथरुणाला खिळलेले, बायको त्यांच्यापाशी, मी बाहेर. पोरगी शेळ्या-मेंढ्या सांभाळून घरी पुस्तकं वाचायला लागली आणि शाळेपेक्षा जास्त शिकली, हे मी डोळ्यानं बघितलंय. बहिणीनं गणित-इंग्रजी घेतलं. मागच्या दोन वर्षांत गावात कुणाची गाय अडली की ती डॉक्टरांबरोबर उभी असते.
वय जूनमध्ये १६ पूर्ण. दाखला घेतलेला नाही. मागायला गेलो तर शाळा म्हणते, दुसऱ्या शाळेचं मागणीपत्र आणा. दुसरी शाळा आहेच कुठं? फलटण तालुका. आम्ही एनटी-सी.

दख्खनी
तुमच्याकडे कुठल्या मेंढ्या? दख्खनी की नारी सुवर्णा? फलटणच्या निंबकर संस्थेत बंगालच्या गारोळ मेंढीतलं जुळं देणारं जनुक दख्खनीत आणून ती जात तयार केलीय. पोरीला तिथं एकदा घेऊन जाच. आमच्याकडे ११ आहेत, पण जुळ्यातलं दुसरं कोकरू दुधाला कमी पडतं. तुम्ही वरचं दूध कसं पाजता?

लेखनिक_२२
आता चित्र स्पष्ट झालं. सगळी माहिती एकदम दिली असती तर रात्र वाचली असती. असो, एकेक बघू.
दहावीच्या १७ नंबरला वय १४ पूर्ण आणि किमान पाचवी पास एवढं लागतं. तुमची मुलगी सहावीत दाखल होती, म्हणजे पाचवी पास आहे. पण हे सिद्ध करणारा एकच कागद आहे, शाळा सोडल्याचा दाखला. मागणीपत्राची अट तुमच्या बाबतीत लागू नाही, कारण तुम्ही मुलीला दुसऱ्या शाळेत घालतच नाही आहात. मुख्याध्यापकांच्या नावे साधा लेखी अर्ज करा: ‘खासगी विद्यार्थी म्हणून दहावीस बसवायचे असल्याने मूळ दाखला मिळावा.’ दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यावा असं म्हटलंय, ते कलम अर्जात लिहा. तरी अडवलं तर तीच पोहोच घेऊन पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही.
दाखला मिळाला की शाळेच्या दारातच उभं राहून वाचा. मुलीचं नाव, तुमचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जातीची नोंद. एनटी-सी म्हणालात, म्हणजे पुढे जात वैधता लागणार आणि नॉन-क्रीमीलेअर लागणार. दाखल्यावर जात चुकीची किंवा कोरी असेल तर आत्ता दुरुस्त होईल, नीटचा निकाल लागल्यावर धावपळ करून होत नाही. माझ्यासमोर एका मुलाची जागा एवढ्यावरून गेलीय.

अटलांटाकर
परदेशाचा विचार का नाही करत? २०१६ मध्ये मुंबईची घरी शिकलेली एक मुलगी दहावी-बारावीशिवाय एमआयटीत गेली. अमेरिकेत काय येतं ते बघतात. पोर्टफोलिओ तयार करा, सॅट द्या.

सुमेधा_नाशिक
त्या मुलीकडे संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडची तीन पदकं होती. तिचं कौतुक आहेच, पण ते उदाहरण प्रत्येक धाग्यावर येतं आणि पालक दहावी पुढं ढकलत बसतात. इथं मुलीला पशुवैद्यक व्हायचंय, तेही बहुधा घरापासून जवळ.

शिरवळ_परभणी
माझं शिक्षण परभणीला, आता नोकरी सातारा जिल्ह्यात. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.
फलटणहून तुम्हाला शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय जवळ. शिवाय परळ, नागपूर, परभणी, उदगीर. सगळी माफसूची, म्हणजे नागपूरच्या पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिप. प्रवेश नीटच्या गुणांवर. १५ टक्के जागा देशपातळीवर जातात, बाकीच्या राज्यातून भरतात. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण असावी लागतात, ती अडचण तिला नाही. राज्याच्या जागांसाठी डोमिसाइल काढून ठेवा आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्याच केंद्रातून द्या. एनआयओएस घेतलंत तरी केंद्र इथलंच घ्या.
नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण. निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे. गोठ्यात वाढलेल्या मुलांना ते जमतं. अडतात ती भौतिकशास्त्रात. तिचं त्रिकोणमिती आणि आलेख कुठवर आलंय ते बघा. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते.
मधली वाट म्हणून कुणीतरी पशुसंवर्धनाची पदविका सुचवेल, दहावीनंतर करता येते. वाईट नाही. पण पदविकेवर पशुवैद्यक म्हणून स्वतंत्र उपचार करता येत नाहीत, १९८४ च्या कायद्याने त्याला पदवी आणि नोंदणी लागते. तिला डॉक्टरच व्हायचं असेल तर सरळ रस्ता धरा.

सुमेधा_नाशिक
मग दहावीही एनआयओएसच. राज्य मंडळात तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं, सगळं एका दमात. पाच वर्षं घरी शिकलेल्या मुलीवर एवढं ओझं कशाला?

लेखनिक_२२
ताई, तुमच्या मुलाला मानसशास्त्र करायचं होतं, हिला विज्ञान. खरा पेच बारावीच्या प्रात्यक्षिकांचा आहे. १७ नंबरने बारावी करणारी बहुतेक मुलं कला नाही तर वाणिज्य घेतात, ती याचमुळे. एनआयओएसला प्रात्यक्षिकं होतात, पण ती त्यांच्या मान्यताप्राप्त केंद्रावर, आणि फलटणहून ते केंद्र किती लांब पडेल? त्यात त्यांची परीक्षा एप्रिल-मेमध्ये, नीट मेच्या सुरुवातीला. दोन्ही अंगावर येतात.
माझं मत असं: दहावी १७ नंबरने, येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. मग अकरावी-बारावी नियमित विज्ञान कनिष्ठ महाविद्यालयात. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, तिलाही इतरांसारखाच अर्ज भरता येईल. टक्केवारी सहांपैकी उत्तम पाच विषयांवर निघते, त्यामुळे एखादी भाषा कच्ची राहिली तरी फार बिघडत नाही.

सुमेधा_नाशिक
म्हणजे शेवटी शाळेतच घाला, असंच ना? मग घरी शिकण्याला अर्थ काय राहिला?

शिरवळ_परभणी
ताई, प्रयोगशाळा घरी नाही म्हणून प्रयोगशाळेत जायचं, एवढंच. आमच्या वर्गातही नियमित शिकलेली मुलं पहिल्यांदा गाय बघून मागं सरायची. या मुलीकडे जे आहे ते वर्गात मिळत नाही, आणि जे तिच्याकडे नाही ते दोन वर्षांत वर्गात मिळेल.

केतकी_ठाणे
केंब्रिजचं आयजीसीएसई (दहावीच्या तोडीची परीक्षा) खासगी उमेदवार म्हणून देता येतं. विज्ञानाला प्रात्यक्षिकाऐवजी लेखी पेपर घेता येतो. माझी मुलगी तेच करतेय. फी बरीच आहे, पण अभ्यासक्रम फार सुंदर.

लेखनिक_२२
त्यांच्या परीक्षा केंद्रासाठी फलटणहून मुंबई-पुण्याला जावं लागेल, आणि नंतर समकक्षता प्रमाणपत्र. या घराला ते नको.

गुरुजी_वाई
बाणगंगाकाठ, माझं काल जरा जास्त बोलून झालं. वडिलांचं आजारपण मला माहीत नव्हतं. मी फलटणहून फार लांब नाही. रविवारी पोरगी आली तर भूमिती आणि विज्ञान भाग १ मी बसवून घेईन. पैसे घेणार नाही. पण मुलीला स्वतःला काय वाटतं ते कुणी विचारलं का?

बाणगंगाकाठ (गुरुवार, सकाळी ७.१५)
गुरुजी, डोळ्यात पाणी आलं. रविवारी घेऊन येतो.
दाखला काल मिळाला. आवक क्रमांक मागितल्याबरोबर बाईंनी कपाट उघडलं. ‘इयत्ता सहावीत शिकत होती’ असं लिहिलंय. जात बरोबर आहे. आईच्या नावात एक अक्षर चुकलंय. एवढ्यासाठी परत जाऊ का? आणि एक वर्ष वाया जातंय याचं वाईट वाटतं. १८ पूर्ण झाल्यावर बारावी देणार.
खाली तिनं लिहिलंय.

नमस्कार. मी तीच मुलगी. बाबांनी सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. मला वर्ष गेल्याचं काही वाटत नाही. मी जीवशास्त्राचं अकरावीचं पुस्तक आत्ताच वाचते, चित्रं काढून ठेवते. मला भीती हिंदीची आहे, कारण मी हिंदी कधी लिहिलीच नाही, आणि वर्गात सगळ्यांपेक्षा मोठी असेन याची. आणखी एक विचारायचं होतं. दहावीच्या विज्ञानाचे प्रयोग १७ नंबरवाल्यांनी कुठं करायचे? दख्खनी काका, दुसऱ्या कोकराला आम्ही शेळीचं दूध बाटलीनं पाजतो, कोमट करून, दिवसातनं चार वेळा थोडं थोडं. पण जन्मल्यावर पहिला चीक आईचाच पाजायचा.

शिरवळ_परभणी
चीक आईचाच, हे सांगायला मला पहिल्या वर्षाला प्राध्यापक लागले होते. वर्गात वय कुणी विचारत नाही गं. माझ्या तुकडीत दोन वर्षं नीटला थांबलेली चार जणं होती.

लेखनिक_२२
बाणगंगाकाठ, एका अक्षरासाठी आजच परत जा. आधार कार्डाची प्रत बरोबर न्या, ती पुढं प्रत्येक कागदाला लागणार आहे.
बाळा, अर्ज भरताना संपर्क केंद्र म्हणून जवळची शाळा मिळते. विज्ञानाचे २० गुण प्रात्यक्षिकांचे आणि भाषांचे तोंडी वगैरे तिथूनच होतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जाऊ नकोस. अर्ज मंजूर झाला की लगेच विज्ञानाच्या शिक्षकांना भेट, प्रयोगवही कुठली लागते विचार आणि कुठल्या दिवशी प्रयोगशाळेत येऊ तेही विचार. हिंदीसाठी पाचवीपासूनची बालभारतीची पुस्तकं काढ आणि रोज एक पान नुसतं बघून उतरवत जा.

दख्खनी
चार वेळा म्हणजे रात्री पण का?