एकाच भागाचे दोन शेवट

खेळणाऱ्याच्या निवडीवर गोष्ट पुढे नेणाऱ्या टेलटेल कंपनीच्या व्हिडिओ गेमवर 'काहीही निवडा, शेवट तोच' असा आक्षेप घेतला जातो. तो त्यांच्या पहिल्या बॅटमॅनला (२०१६) लावा, माझी हरकत नाही. त्याच्या पुढच्या मालिकेला, 'द एनिमी विदिन'ला, मात्र तोच शिक्का नको. मार्च २०१८मध्ये आलेला त्याचा पाचवा भाग 'सेम स्टिच' म्हणजे जवळपास दोन वेगळे भागच आहेत. चौथ्याच्या अखेरीस जॉन डोवर (हाच पुढे जोकर होतो) विश्वास टाकलात तर तो बॅटमॅनची नक्कल करत गुंडांना धडा शिकवायला निघतो, नाही टाकलात तर उघड खलनायक होतो.

फोंड्याला मावशीकडे चतुर्थीला मी आणि मावसभावाने हा भाग आपापल्या लॅपटॉपवर संपवला. मग वीज गेली (पाऊस, दुसरं काय!) आणि माटोळीखाली (गणपतीच्या वर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली) बसून समईच्या उजेडात गोष्टी सुरू झाल्या. पाचेक मिनिटं दोघांनाही वाटत होतं, समोरचा थापा मारतोय. त्याच्या जोकरला मी ओळखतच नव्हतो!

माझी तक्रार वेगळी आहे. मारामारी म्हणजे स्क्रीनवर उमटेल ते बटण दाबायचं, आणि ती इथे ताणलीय. शिवाय दोन्ही वाटा शेवटी आल्फ्रेडपाशीच, म्हणजे बॅटमॅनच्या घरच्या जुन्या सेवकापाशीच, येऊन मिळतात: बॅटमॅन होणं सोड, नाहीतर आल्फ्रेडला जाऊ दे. प्रसंग सुरेख आहे. मी बराच वेळ बटणावर बोट ठेवून थांबलो होतो, शेवटी आल्फ्रेडला जाऊ दिलं. पण त्याचं पुढे काय, ते कळायला तिसरी मालिका हवी होती, आणि सप्टेंबर २०१८मध्ये टेलटेलने बहुतेक माणसं घरी पाठवली.