मदत हवी आहे: आईची आरटीपीसीआर पुन्हा पॉझिटिव्ह, रिटुक्सिमॅब द्यावं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही डिचोलीचे. आई ६४ वर्षांची, आमवाताची जुनी रुग्ण. रोज स्टिरॉइडची छोटी गोळी आणि दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅब या औषधाची सलाईन. ऑक्टोबर २०२१च्या शेवटी तिला कोरोना झाला, सौम्यच होता. गृहविलगीकरण संपल्यावर पुन्हा टेस्ट लागत नव्हती, म्हणून केली नाही.

आता जानेवारी २०२२ मध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी आरटीपीसीआर केली तर पुन्हा पॉझिटिव्ह! सीटी व्हॅल्यू (हा आकडा जितका जास्त, तितका विषाणू कमी) ३३, अँटीजेन निगेटिव्ह, ताप नाही, ऑक्सिजन ९७. ऑपरेशन पुढं गेलं ते जाऊ दे. पण फेब्रुवारीत सलाईन आहे, खरी काळजी तिची.

आरटीपीसीआर विषाणूचे निर्जीव तुकडेही पकडते आणि ते तीन महिन्यांपर्यंत सापडू शकतात, एवढं कळलंय. २०२० मध्ये दक्षिण कोरियात असे पुन्हा पॉझिटिव्ह आलेले २८५ जण तपासले, त्यांच्यापासून कुणाला लागण झाल्याचं आढळलं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) व्याख्येत पुनर्संसर्ग म्हणायला दोन पॉझिटिव्हमध्ये किमान १०२ दिवस आणि मधे एक निगेटिव्ह लागते. आईच्या बाबतीत दोन्ही नाही.

पण हे हिशेब धडधाकट माणसांचे. रिटुक्सिमॅब बी पेशीच कमी करतं, त्यामुळे अँटीबॉडी नीट बनत नाहीत, लसीचा परिणाम कमी होतो आणि काहींच्या शरीरात जिवंत विषाणू महिनोन्महिने राहतो. त्यात कोरोनाचा नवा प्रकार ओमायक्रॉन एकदा होऊन गेलेल्यांनाही गाठतोय, आणि भाऊ कळंगुटला हॉटेलात कामाला, रोज ये-जा. म्हणजे जुने तुकडे, रेंगाळलेला विषाणू की नवी लागण, काहीही असू शकतं.

एक डॉक्टर म्हणतात, लक्षणं नाहीत, सोडून द्या. दुसरे म्हणतात, सलाईन थांबवा. गेल्या पावसाळ्यात ती लांबली होती तेव्हा आईची बोटं इतकी सुजली की चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायची, अंबाडा मी घालून द्यायचे. ते पुन्हा नको हो.

रिटुक्सिमॅब, केमो किंवा ट्रान्सप्लांटच्या गोळ्यांवर असलेल्या कुणाच्या घरी असं झालंय का? दोन-तीन दिवसांनी त्याच लॅबमध्ये टेस्ट करून सीटी वर जातो की खाली, हे पाहिलंत का? सलाईन किती पुढं ढकलली? जिनोम सिक्वेन्सिंगसाठी (विषाणूचा नेमका प्रकार ओळखणाऱ्या तपासणीसाठी) गोव्यातून नमुना पाठवायला डॉक्टरांना सांगता येतं का?

सोमवारी संधिवाताच्या डॉक्टरांशी बोलायचंय. त्याआधी अनुभव असेल तर कृपया लिहा.